कुणाचा सांगावा घेऊन धावता?



मनःशांती हा शब्द आपल्या वस्तीत उच्चारला की दोन उत्तरे ऐकू येतात. पहिले असे : "मास्तर, शांती ही पोट भरलेल्यांची चैन आहे. आपल्याला अजून लढायचे आहे. शांत झालो की संपलो." दुसरे असे : "झाले गेले विसरा. डोळे मिटा, श्वासाकडे बघा, राग सोडून द्या." पहिले उत्तर बहुधा तरुणांचे असते. दुसरे बाहेरच्यांचे असते, आणि अलीकडे आपल्यातल्याच काही सुस्थितीत गेलेल्या मंडळींचेही असते.

ज्या कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, ज्यांच्या घरातून देव्हारा जाऊन तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आली आहे, त्यांच्यापुढे हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणारच. ज्याच्यावर अन्याय झाला आहे, आणि अजूनही होतो आहे, त्याने मनःशांती शोधावी काय? शोधली, तर ती त्याला लाचार करणार नाही अशी कोणती? मी पंडित नाही. सांगली जिल्ह्यातील एका शाळेत शिकवणारा साधा शिक्षक आहे. मला या प्रश्नाचे थोडेसे उत्तर पुस्तकात सापडले आणि थोडेसे हिवाळ्यातल्या पहाटे, कृष्णाकाठच्या रस्त्यावर धावताना सापडले. ते आपल्यापुढे ठेवतो. पटले तर घ्या. न पटले तर सोडा. स्वतः तपासून घ्यावे हीच तथागतांची शिकवण आहे.

धावण्याचे कारण फार उदात्त नव्हते. दोन वर्षांपूर्वी शिक्षकांच्या खोलीत चहा चालला असताना एक सहकारी माझ्याकडे बघून म्हणाले, "यांचे बरे आहे, यांना सगळे आयतेच मिळते." चारजण हसले. मीही हसलो. माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. ती पदवी घेताना वडिलांनी किती दिवस गवंड्याच्या हाताखाली पाट्या उचलल्या हे मला ठाऊक होते, आणि तरीही मी हसलो. त्या रात्री झोप आली नाही. पुढे महिनाभर आली नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या मी त्या माणसाला रोज नवी उत्तरे देत असे. एकाहून एक चोख उत्तरे, आणि ऐकणारा कोणी नाही. शेवटी पत्नी म्हणाली, "तुम्ही अंथरुणात भांडण्यापेक्षा बाहेर जाऊन पळून तरी या." नोव्हेंबर महिना होता. दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी बाहेर पडलो.

आपल्यापैकी जे सांगलीकडचे आहेत त्यांना ती पहाट सांगायला नको. नदीवर धुके असते, दोन्ही बाजूंना उसाचे फड असतात आणि कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्यांची रांग असते. मी रागाने धावलो, दोनशे पावलांत कुशीत कळ आली आणि मी मटकन खाली बसलो. तरी दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. वीस दिवस झाले. पाय सुधारले, दम वाढला, पण झोप नाही. एकविसाव्या दिवशी लक्षात आले की पाय कृष्णाकाठी धावत होते आणि मन त्याच खोलीत, त्याच चहाच्या कपापाशी बसून होते. शरीर एका जागी आणि मन दुसऱ्या जागी असेल तर दहा मैल धावूनही माणूस जागचा हलत नाही.

त्याच महिन्यात सुट्टीला सातारा जिल्ह्यातल्या गावी गेलो. तेथेही पहाटे धावून आलो. आमच्या आबांनी नव्वदी ओलांडली आहे. ते दारात शेकोटीशी बसले होते. मला घामाघूम आलेला पाहून त्यांनी विचारले, "कुणाचा सांगावा हाय रं?"

"कुणाचा न्हाई, आबा."

"मग पळतूस कशापायी?"

मला हसू आले, आणि पुढच्याच क्षणी ते विरले. आबांच्या लेखी माणूस धावतो तो कोणाचा तरी निरोप घेऊन. त्यांनी आयुष्याची पहिली पंचवीस वर्षे तेच पाहिले होते. गावात कोणी मेले की त्याची वार्ता गावोगाव पोचवायला धावा. सरकारी टपाल तालुक्याला पोचवायला धावा. साहेबाचा घोडा आला की घोड्यापुढे धावा. त्याबद्दल मिळायचे काय, तर वतनाचा जमिनीचा तुकडा आणि बलुत्याची भाकरी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले ते हीच वेठ मोडण्यासाठी. महार वतन हे गुलामीचे साखळदंड आहेत, हे त्यांनी जन्मभर सांगितले. ते वतन कायद्याने गेले ते १९५८ च्या कायद्यानंतर, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. आबा तेव्हा पंचविशीत होते.

मी आबांना विचारले, "धावताना तुमच्या मनात काय असायचे?" ते थोडा वेळ जाळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मनात काय असायचं? समदं ध्यान मागल्या घोड्याच्या टापांवर. जवळ आल्या की जीव काढून पळायचं."

बंधूंनो, हे वाक्य मी विसरू शकत नाही. वतनाने आपल्या माणसांचे श्रम घेतले हे आपण नेहमी म्हणतो. त्याने आपल्या माणसांचे ध्यानही घेतले होते, हे मला त्या दिवशी कळले. पाय स्वतःचे, पण लक्ष दुसऱ्याच्या घोड्यावर. आणि माझे तरी काय वेगळे होते? मागे घोडा नव्हता, साहेब नव्हता, कायदा माझ्या बाजूचा होता, अंगावर पदवी होती. तरी माझे सारे ध्यान एका माणसाच्या एका वाक्यावर होते. ते वाक्य माझ्यामागे टापा वाजवीत होते आणि मी त्याच्यापुढे धावत होतो.

याच सातारा जिल्ह्याच्या रस्त्यांवर १९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव आपला भाऊ आणि भाच्यांसह निघाला होता. वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे नोकरीला होते. मुले नवे कपडे घालून आनंदाने आगगाडीत बसली आणि मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच कोणी गाडीवान त्यांना नेईना. दुप्पट भाडे कबूल करून गाडी मिळाली ती अशी, की बैल मुलांनीच हाकायचे आणि गाडीवान शेजारून चालणार. रात्री जवळ अन्न होते, पण पाणी कोणी दिले नाही, म्हणून ती मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे स्वतः लिहून ठेवला. ते तो विसरले नाहीत. पण त्या प्रसंगाने त्यांना आयुष्यभर फरफटतही नेले नाही. साताऱ्याच्या ज्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव घातले गेले, तेथून ते कोलंबियापर्यंत आणि लंडनपर्यंत गेले, आणि त्या तहानेचे त्यांनी १९२७ साली महाडच्या तळ्यावर साऱ्या समाजाचे काम केले. विसरणे वेगळे आणि आठवणीचा गुलाम न होणे वेगळे. मनःशांतीचा विचार आपण येथून सुरू केला पाहिजे.

आता तथागत काय सांगतात ते पाहू. अंगुलिमालाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. बाबासाहेबांनीही ती 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतली आहे. शस्त्र घेतलेला अंगुलिमाल सारी शक्ती एकवटून धावतो आहे आणि तथागत नेहमीच्या चालीने चालले आहेत. तरी तो त्यांना गाठू शकत नाही. तो ओरडतो, श्रमणा, थांब. तथागत उत्तर देतात की मी थांबलोच आहे, तू थांब. लहानपणी मला हा चमत्कार वाटे. आता तसे वाटत नाही. चालणारा माणूस थांबलेला असू शकतो, कारण त्याच्या मनातला द्वेष थांबलेला असतो. आणि बसलेला माणूस धावत असू शकतो. मी महिनाभर अंथरुणात पडून धावतच होतो की नाही?

तथागतांनी आर्य अष्टांगिक मार्ग सांगितला. बावीस प्रतिज्ञांपैकी अकराव्या प्रतिज्ञेत आपण तो स्वीकारला आहे. त्यातली शेवटची तीन अंगे आहेत सम्यक व्यायाम, सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी. येथे व्यायाम म्हणजे जोर-बैठका नव्हेत. योग्य प्रयत्न असा त्याचा अर्थ आहे. वाईट विचार आलेला नसेल तर येऊ न देणे, आलेला असेल तर घालवणे, चांगला विचार नसेल तर निर्माण करणे, असेल तर वाढवणे, असे चार प्रयत्न. स्मृतीला पालीत 'सति' म्हणतात. आपल्याकडच्या सतीच्या दुष्ट चालीशी या शब्दाचा काही संबंध नाही. सति म्हणजे जागेपण : आपण या घडीला काय करतो आहोत, शरीरात काय चालले आहे, मनात काय उठते आहे, याचे भान. सतिपट्ठान सुत्तात या भानाची सुरुवात अगदी साध्या गोष्टींपासून आहे. श्वास, मग चालणे, उभे राहणे, बसणे, निजणे. पुढे खाणे, पिणे, वस्त्र नेसणे. कोणतीही क्रिया यातून सुटलेली नाही. मांडी घालून डोळे मिटणे हा त्याचा एक भाग झाला. भिक्खू चंक्रमण करीत, म्हणजे ठरलेल्या वाटेवर येरझारा घालीत ध्यान करीत. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : लांबचा प्रवास सोसतो, प्रयत्न करण्याची ताकद येते, आरोग्य राहते, खाल्लेले पचते आणि त्यातून मिळालेली एकाग्रता पुष्कळ काळ टिकते. शरीर आणि मन यांची अशी सांगड तथागतांनी घातली आहे. शरीराला तुच्छ मानून जाळणारे तप त्यांनी सहा वर्षे करून पाहिले आणि सोडून दिले.

म्हणून मी धावण्याची रीत बदलली. ती सांगतो, कारण ती कोणालाही करता येईल. घरातून निघाल्यावर पहिली दहा मिनिटे नुसते चालतो. थंडीत स्नायू आखडलेले असतात, एकदम धावू नये. मग इतक्याच वेगाने धावतो की सोबतच्या माणसाशी पुरे वाक्य बोलता यावे. बोलताना धाप लागली तर वेग कमी करतो. नाकाशी श्वासाचा गारवा जाणवतो, पाऊल पडते ते जाणवते. त्या सहकाऱ्याचे वाक्य आठवतेच. पूर्वी मी त्याला उत्तर देत असे. आता नुसते म्हणतो, राग आला आहे. छाती आवळली आहे. मुठी मिटल्या आहेत. मुठी उघडतो आणि पुढचे पाऊल बघतो. राग येतो, थोडा वेळ राहतो आणि जातो. सारे अनित्य आहे हे वंदनेत शंभर वेळा म्हटले होते; रागही अनित्य आहे हे मला फडाच्या कडेला कळले. अर्थात एका दिवसात नाही. सारा हिवाळा लागला. ज्यांना दमा वा हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावे आणि नुसते चालावे. धुक्यात उसाच्या ट्रॉलीवाल्याला माणूस दिसत नाही, म्हणून समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने जावे, पांढरे कपडे घालावेत. रस्त्याचे भान ठेवणे हीही सति आहे.

येथे एक इशाराही दिला पाहिजे. तृष्णा कोठेही शिरते, धावण्यातही शिरते. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटात अर्धमॅरेथॉन भरते. हजारो लोक येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मनगटावरचे घड्याळ बघत, कालच्यापेक्षा दहा सेकंद कमी झाले नाहीत म्हणून दिवसभर खिन्न राहणारे तरुणही मी पाहिले आहेत. काही आठवडे मी स्वतःच तसा झालो आणि गुडघा दुखावून बसलो. तेव्हा सोण भिक्खूची गोष्ट आठवली. श्रीमंताघरचा हा सुकुमार मुलगा भिक्खू झाला आणि चंक्रमण करून करून त्याच्या पावलांतून रक्त वाहू लागले. एवढे करूनही चित्त मुक्त होईना, म्हणून तो घरी परतण्याचा विचार करू लागला. तथागतांनी त्याला त्याच्या वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. आपल्या समाजाला ही गोष्ट दोन्ही बाजूंनी लागू आहे. आपल्यातले काही जण इतके ताणलेले आहेत की घरच्यांवरच तुटून पडतात. काही इतके सैल झाले आहेत की वस्तीत काय चालले आहे याची त्यांना शुद्ध नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. मन शांत झाल्यावर राग संपला काय? लढा संपला काय?

पुढच्या जानेवारीत शाळेच्या बैठकीत तेच वाक्य, थोड्या वेगळ्या शब्दांत, पुन्हा आले. या वेळी मी हसलो नाही. उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "हे बोलणे जातीवरून आहे. ते मला आणि या शाळेतल्या माझ्या विद्यार्थ्यांनाही लागते. ते पुन्हा होऊ नये अशी नोंद करावी." आवाज चढला नाही, कापलाही नाही. नोंद झाली. त्या गृहस्थांनी क्षमा मागितली असे मी म्हणणार नाही. ती त्यांनी अजूनही मागितलेली नाही. पण त्या रात्री मी झोपलो. महिनाभर अंथरुणात तयार केलेल्या शंभर चोख उत्तरांपेक्षा ही तीन साधी वाक्ये उपयोगी पडली, आणि ती सुचली मन जाग्यावर होते म्हणून. जो शांत आहे त्याला अन्याय दिसत नाही असे नव्हे. त्याला तो नीट दिसतो, आणि केव्हा उभे राहायचे हेही दिसते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पहिल्या वीस दिवसांत मला रस्त्यावर कोणी दिसले नव्हते. मन जागे झाले तेव्हा माणसे दिसू लागली. मी मनःशांतीसाठी पाचला निघत होतो, आणि मराठवाड्यातून आलेली तोडकरी कुटुंबे चारलाच फडात उतरलेली असत. थंडीने काकडणारे पोर वाढ्यांच्या शेकोटीपाशी, आणि आई कोयता घेऊन सरीत. एका सकाळी मी थांबून त्या मुलांना शाळेचे विचारले. गावाकडे जात होतो, इकडे नाही, असे उत्तर आले. मग मुख्याध्यापकांशी बोलून तीन मुलांना आमच्या शाळेत बसवले, आणि संध्याकाळी वस्तीतल्या दोन कॉलेजच्या मुलांनी विहारात त्यांचा अभ्यास घेतला. मार्चमध्ये हंगाम संपला आणि ती कुटुंबे गेली. काम थोडेच झाले, हे मी जाणतो. पण आदल्या वर्षीही ती मुले तेथेच असणार, आणि मी त्यांच्या शेजारून माझा अपमान चघळीत धावलो असतो. धम्म हा सामाजिक आहे. माणूस एकटाच असता तर त्याला धम्माची गरज पडली नसती, दोन माणसे एकत्र आली की धम्मावाचून चालत नाही, असे बाबासाहेबांनी सांगितले. तेव्हा आपली शांती खरी की खोटी हे ओळखण्याची खूण हीच समजावी : तिच्यामुळे शेजारचा माणूस अधिक दिसू लागला, की दिसेनासा झाला?

भगिनींनो, आपण म्हणाल, मास्तरांना पहाटे पळायला वेळ आहे. आम्हाला पाणी भरायचे असते, डबे करायचे असतात. आपले म्हणणे खरे आहे. माझ्या पत्नीनेही हेच सुनावले, तेव्हा आठवड्यातले तीन दिवस पहाटेचे पाणी आणि चूल माझ्याकडे आली, आणि त्या दिवशी ती चालायला जाऊ लागली. बायकोच्या श्रमावर उभी राहिलेली नवऱ्याची मनःशांती धम्मात बसत नाही. मुलींनाही पळू द्या. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर याच दुष्काळी मातीत धावायला शिकली, आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचून दहावी आली. प्रत्येक मुलगी ऑलिंपिकला जाणार नाही. पण पहाटेच्या रस्त्यावर मान वर करून, कोणाच्या भीतीने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने धावणारी आपली मुलगी पाहिली की मसूरच्या रस्त्यावरची ती तहानलेली मुले मला आठवतात. पायात बूट घालून मुलगी पळते म्हणून लोक नावे ठेवतील. ठेवू देत. बाबासाहेबांच्या नव्या कपड्यांनाही तेव्हा कोणी चांगले म्हटले नव्हते.

या हिवाळ्यात आपल्या कुटुंबाने एवढे करून पाहावे अशी माझी विनंती आहे. पहाटे अर्धा तास घरातल्यांनी एकत्र चालावे वा धावावे. लहानांनी धावावे, थोरांनी चंक्रमण करावे. त्या वेळी फोन घरी ठेवावा. परत आल्यावर तथागतांपुढे पाच मिनिटे शांत बसावे, आणि आज आपल्यामुळे कोणाचे ओझे हलके होईल ते एक वाक्यात एकमेकांना सांगावे.

गेल्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा आबांनी पुन्हा विचारले, "आज कुणाचा सांगावा?" या वेळी माझ्याजवळ उत्तर होते. म्हटले, "आबा, सांगावा माझा मलाच हाय." ते काही बोलले नाहीत. काठी उचलली आणि म्हणाले, "चल, मला त्या विहारापातुर घिऊन चल. सावकाश चल पर. मागं कुणी न्हाई."

आम्ही सावकाश गेलो.

जयभीम! नमो बुद्धाय!